बार्शी लाइटच्या पलीकडचे राज्य
निजामाविरुद्धच्या लोकलढ्यामागचे विचार

कुर्डुवाडी हे गाव रेल्वेने घडवले. मुंबईहून सोलापूरकडे जाणारा मोठा मार्ग या ठिकाणी बार्शी लाइट रेल्वेच्या अडीच फुटी रुळांना भेटत असे. एव्हरर्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने उभारलेली ही छोटी गाडी १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत धावू लागली. त्या वेळी स्टेशनचे नावच ‘बार्शी रोड’ होते. पुढे एक फाटा पंढरपूरला गेला आणि दुसरा १९११ पर्यंत थेट लातूरला पोहोचला. लातूरच्या बाजाराचा कापूस, गळिताचे धान्य आणि डाळी याच रुळांवरून मोठ्या गाडीपर्यंत येत.

या मार्गावर रेल्वेच्या नकाशात न दिसणारी एक रेषा होती. बार्शी तालुका ओलांडून गाडी येडशी, ढोकी, मुरूड अशी पुढे सरकली की इंग्रजांचा मुलूख संपे आणि हैदराबादच्या निजामाचे राज्य सुरू होई. तिथे शिक्का हाली चाले, टपालाची तिकिटे वेगळी असत, जकातीसाठी करोडगिरीचे नाके उभे असत आणि कचेरीची भाषा उर्दू असे. कुर्डुवाडीहून परंड्याच्या बाजूला गेले तरी तेच. माढा आणि परंडा या शेजारच्या तालुक्यांत बोली एक, पिके एक, सोयरीक एक. पण राज्यकर्ते दोन.

इंग्रजी मुलखातला माणूस स्वतंत्र होता असे अर्थातच नाही. सोलापुरात १९३० मध्ये लष्करी कायदा लागू झाला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना फाशी देण्यात आली. तरीही या बाजूला वर्तमानपत्रे निघत, सभा भरत, नगरपालिकांच्या निवडणुका होत. पलीकडच्या बाजूला साधी सभा भरवायची तरी परवाना लागे. शेजारी राहून हा फरक रोज दिसत असे. हैदराबादच्या लोकलढ्यामागचे विचार समजून घ्यायचे तर या शेजारापासूनच सुरुवात करावी लागते.

राजाची मर्जी हाच कायदा

हैदराबाद हे हिंदुस्थानातले सर्वांत जास्त लोकसंख्येचे संस्थान होते. ८२ हजार चौरस मैलांहून अधिक विस्तार, १९४१ च्या सुमारास १ कोटी ६० लाखांच्या आसपास लोकसंख्या, आणि तेलुगू, मराठी, कन्नड व उर्दू बोलणारे लोक एका छत्राखाली. मराठी भागात औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे येत. १९११ मध्ये गादीवर आलेला मीर उस्मान अली खान हा सातवा निजाम. त्याच्या काळात धरणे बांधली गेली, १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले, आणि जगातल्या अतिश्रीमंतांत त्याचे नाव घेतले जाऊ लागले.

पण सत्ता एका माणसाच्या फर्मानात होती. राज्याच्या जमिनीपैकी साधारण साठ टक्के जमीन सरकारी म्हणजे दिवाणी अमलाखाली होती. उरलेल्यापैकी मोठा भाग जहागीरदारांकडे होता, आणि ‘सर्फे खास’ नावाचा एक हिस्सा निजामाच्या खासगी खर्चासाठी राखून ठेवलेला होता. उस्मानाबादकडच्या कित्येक गावांचा सारा याच खासगी खात्यात जमा होई. जहागिरीतल्या शेतकऱ्याला सारा किती, वेठ किती, फिर्याद कुठे न्यायची, या कशाचीच खात्री नसे. त्याचे नशीब जहागीरदाराच्या स्वभावावर अवलंबून असे.

लोकांच्या तोंडी सर्वांत जास्त असलेला हुकूम म्हणजे ‘गश्ती निशाण ५३’. सभा भरवण्यापूर्वी सरकारी परवानगी घेणे या गश्तीने सक्तीचे केले होते. खासगी शाळा आणि आखाडे यांवरही अशीच बंधने होती. त्यामुळे मराठवाड्यातली पहिली राजकीय कृती कोणती, तर वाचनालय काढणे आणि मराठी शाळा चालवणे. १९२१ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातल्या हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा सुरू झाली. अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेने पुढच्या पिढीचे कार्यकर्ते घडवले. गणेशोत्सवातल्या मेळ्यांतून आणि व्याख्यानांतून लोक एकत्र येऊ लागले. मुलाला त्याच्या भाषेत शिकवणे हाही राजसत्तेला विचारलेला प्रश्नच होता.

आधी हक्क, मग वाटा, मग सत्ता

राजाविरुद्धच्या लोकक्रांतीबद्दल एक समज असा की, लोक पहिल्याच दिवशी सिंहासन उलथवायला निघतात. इतिहास तसे सांगत नाही. फ्रान्समध्ये २६ ऑगस्ट १७८९ रोजी राष्ट्रीय सभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला आणि सार्वभौमत्व राष्ट्राचे आहे असे सांगितले. तरीही सोळावा लुई आणखी तीन वर्षे राजा होता. सुरुवातीची मागणी एवढीच होती की, राजाने कायद्याच्या चौकटीत राहावे. ती चौकट राजाला मनापासून मान्य नाही असे दिसले, तेव्हा गादीचाच प्रश्न उभा राहिला.

हैदराबादेत हेच घडले. १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, आणि पुढच्या वर्षी लातूरला दुसरे. म्हणजे कुर्डुवाडीहून निघणाऱ्या गाडीच्या शेवटच्या स्टेशनावर. तेलंगणात आंध्र महासभा आणि कन्नड भागात कर्नाटक परिषद होतीच. या तिन्ही प्रवाहांतून १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस उभी राहिली. तिची मागणी होती आसफजाही छत्राखाली जबाबदार राज्यपद्धती. निजाम राहील, पण मंत्रिमंडळ लोकांनी निवडलेल्या विधिमंडळाला उत्तरदायी असेल. इतकी मवाळ मागणी करणाऱ्या संघटनेवर तिची रीतसर स्थापना होण्याआधीच, सप्टेंबर १९३८ मध्ये, बंदी आली.

२४ ऑक्टोबर १९३८ रोजी गोविंदराव नानल, रविनारायण रेड्डी यांच्या तुकडीने सत्याग्रह केला. तीनच दिवसांनी स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. त्याच हिवाळ्यात उस्मानियाच्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्याच्या हक्कासाठी आंदोलन केले. त्यांना काढून टाकण्यात आले आणि नागपूर विद्यापीठाने त्यांतल्या अनेकांना प्रवेश दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यापैकी एक.

दरबाराने १९३९ मध्ये सुधारणा जाहीर केल्या. त्यांत विधिमंडळ होते, पण प्रतिनिधित्व धंदेवार गटांचे होते आणि मंत्री त्या विधिमंडळाला बांधील नव्हते. शेवटचा शब्द निजामाचाच. नेमक्या त्याच वर्षी साताऱ्याकडच्या औंध संस्थानात उलटे घडत होते. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी गांधीजींच्या सल्ल्याने जानेवारी १९३९ मध्ये राज्यकारभार लोकांच्या पंचायतींकडे सोपवणारी घटना स्वीकारली. औंध अगदी छोटे, सारे मिळून बहात्तर गावांचे. पण जे लातूर-परतूरचे लोक मागत होते ते अशक्य नाही, हे त्याने दाखवून दिले. राजाने स्वतःहून वाटा दिला तर राजा आणि लोक दोघांचाही मान राहतो. नाकारला की मागणी खोल जाते. स्टेट काँग्रेसवरची बंदी उठायला ३ जुलै १९४६ उजाडावे लागले. तोपर्यंत छत्राखालची जबाबदार राज्यपद्धती ही भाषा मागे पडली होती आणि सत्ता मुळात लोकांची हा विचार पुढे आला होता.

स्वामीजींचा विचार

या लढ्याचे नेतृत्व स्वामी रामानंद तीर्थ या संन्याशाकडे होते. त्यांचे मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर; जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा. शाळेची काही वर्षे सोलापुरात गेली. टिळक महाराष्ट्र विद्यापीठाच्या एम. ए.साठी त्यांनी लोकशाहीच्या विकासावर प्रबंध लिहिला. कामगार नेते ना. म. जोशी यांच्या हाताखाली त्यांनी काम केले, आणि नंतर हिप्परगा व अंबाजोगाई इथे शिक्षक झाले. कामगार चळवळ, लोकशाहीचा अभ्यास आणि खेड्यातली शाळा या तिन्हींतून आलेला माणूस निजामाच्या राज्याकडे पाही, तेव्हा त्याला केवळ जुलमी राजा दिसत नसे. जमिनीची मालकी, शिक्षणाचा अभाव आणि राजसत्ता एकमेकांना कसे धरून ठेवतात, हे त्याला दिसे.

म्हणून काँग्रेसमध्ये दोन मते होती. मवाळ गटाला घटनात्मक सुधारणा पुरेशा वाटत. स्वामीजी, गोविंदभाई श्रॉफ आणि त्यांचे सहकारी यांचे म्हणणे होते की, शेतकरी आणि तरुण यांच्याशिवाय ही लढाई वकिलांच्या अर्जांतच संपेल. तेलंगणात कम्युनिस्टांनी हाच मुद्दा सशस्त्र मार्गाने पुढे नेला. ४ जुलै १९४६ रोजी कडवेंडीला दोड्डी कोमरय्या हा कार्यकर्ता मारला गेला आणि वेठबिगार व देशमुखीविरुद्धचा तो लढा १९५१ पर्यंत चालला. मार्गांबद्दल तीव्र मतभेद होते. पण ज्याच्या श्रमावर राज्य उभे आहे त्याला राज्यात स्थान हवे, हे दोघांनाही मान्य होते.

जातीचा प्रश्न या लढ्यात आणखी एका दिशेने आला. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी कसबे तडवळे इथे महार-मांग वतनदारांची परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिला आले. तडवळे बार्शी लाइटच्या मार्गावरचेच गाव. राजा गेला तरी वतनाची गुलामी राहणार असेल तर स्वातंत्र्य कोणाचे, हा प्रश्न त्या परिषदेने मांडला. नोव्हेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनी हैदराबादच्या दलितांना निजाम आणि त्याची पाठराखण करणारी मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन ही संघटना यांची बाजू घेऊ नका असे स्पष्ट बजावले. १९५० मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. लढ्याने उघडलेल्या दारातून कोण आत येणार, याची काळजी त्यांनी शिक्षणाच्या मार्गाने घेतली.

सार्वभौमत्व कोणाचे?

निजामाच्या बाजूलाही एक विचार होता, आणि तो समजून घेतल्याशिवाय ही कहाणी अपुरी राहते. मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीनने बहादूर यार जंग यांच्या काळात अशी मांडणी केली की, हैदराबादची सत्ता तिथल्या मुस्लिम समाजाची आहे आणि निजाम हे तिचे प्रतीक आहे. ‘अनल मलिक’, म्हणजे मीच राजा, ही घोषणा त्यातूनच आली. लोकसंख्येत आठांत एक असलेल्या समाजातल्या गरिबालाही या घोषणेने राज्यकर्ता असल्याची भावना दिली. १९४६ मध्ये या संघटनेचे नेतृत्व लातुरात वकिली करणाऱ्या कासिम रझवीकडे आले आणि रझाकारांची फौज उभी राहिली.

म्हणजे झगडा एका राजाशी होता, तसाच सार्वभौमत्वाच्या दोन कल्पनांमध्येही होता. एका कल्पनेत सत्ता एका समाजाची होती. दुसरीत ती राज्यात राहणाऱ्या प्रत्येकाची होती. दुसरी कल्पना खरी मानायची तर लढा हिंदू विरुद्ध मुसलमान असा होऊ देता येत नव्हता, आणि हे पथ्य सोपे नव्हते. १९३८ च्या डिसेंबरात आर्य समाजाची मोठी परिषद सोलापुरात भरली आणि धर्मस्वातंत्र्यासाठी सत्याग्रहींच्या तुकड्या तिथून निजामाच्या हद्दीत जाऊ लागल्या. त्यांचा त्याग मोठा होता. पण दोन सत्याग्रह एकमेकांत मिसळले तर जबाबदार राज्यपद्धतीची मागणी धार्मिक रंगात हरवेल, असे गांधीजींचे मत होते. त्यांच्या सल्ल्याने स्टेट काँग्रेसने दोन महिन्यांतच आपला सत्याग्रह थांबवला. ऐन भरातली चळवळ तत्त्वाच्या शुद्धतेसाठी थांबवणे अनेक कार्यकर्त्यांना जिव्हारी लागले. मला मात्र तो निर्णय या लढ्यातल्या सर्वांत मोलाच्या गोष्टींपैकी एक वाटतो.

वस्तुस्थितीही त्याच बाजूची होती. १९२६ ते १९३७ या काळात निजामाचा पंतप्रधान होता महाराजा किशन प्रसाद. तेलंगणातले वेठ घेणारे बडे देशमुख हिंदू होते. उलट, संपादक शोएबुल्ला खान याने आपल्या ‘इमरोज’ या उर्दू पत्रातून भारतात विलीन होण्याची बाजू मांडली. त्याबद्दल २२ ऑगस्ट १९४८ च्या सुमारास रझाकारांनी त्याला ठार केले. कवी मखदूम मोहिउद्दीन कम्युनिस्ट लढ्यात उतरला. राजेशाहीची बाजू आणि लोकांची बाजू यांच्यामधली रेषा धर्मावरून काढताच येत नव्हती.

सीमेवरचे तेरा महिने

जून १९४७ मध्ये निजामाने जाहीर केले की, इंग्रज गेल्यावर आपण स्वतंत्र राहू. ७ ऑगस्टला स्टेट काँग्रेसने भारतात सामील होण्यासाठी आंदोलन पुकारले. १५ ऑगस्टला कुर्डुवाडी स्वतंत्र भारतात जागी झाली, आणि काही कोसांवर तोच तिरंगा लावणे गुन्हा होता. त्याच दिवशी स्वामीजींना अटक झाली. २९ नोव्हेंबरला भारत सरकार आणि निजाम यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला, पण रझाकारांचा जाच थांबला नाही.

आता सीमेचा अर्थच बदलला. पलीकडून घरदार सोडून आलेली कुटुंबे सोलापूर जिल्ह्यात आश्रय शोधू लागली. बार्शी-सोलापूरच्या पट्ट्यात कार्यकर्त्यांचे कॅम्प उभे राहिले. तिथून तरुण रात्री हद्दीत शिरत, करोडगिरीचे नाके जाळत, सरकारी लेव्हीचे धान्य अडवत आणि शिंदीची झाडे तोडत. प्रत्येक कृतीत एक विधान होते: हा कर, ही लेव्ही, हे उत्पन्न घेण्याचा अधिकार आम्ही तुला दिलेला नाही. औरंगाबादच्या बाजूला दगडाबाई शेळके यांच्यासारख्या शेतकरी घरातल्या स्त्रिया शस्त्र घेऊन यात उतरल्या.

शस्त्र हाती घेतले की आदर्शांची खरी परीक्षा सुरू होते. ३० जानेवारी १९४८ रोजी, म्हणजे गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, नांदेडकडच्या उमरीची बँक क्रांतिकारकांनी लुटली. वीस लाखांहून अधिक रक्कम हाती आली. पैसा लढ्याचा आहे, कोणाच्या घरचा नाही, या भावनेने तिचा हिशेब ठेवला गेला. सगळ्याच कॅम्पांवर अशी शिस्त राहिली असे म्हणता येणार नाही. सूडाचे आणि लुटीचे प्रसंगही घडले. पण हिशेब द्यायचा असतो ही जाणीव असणे, हाच राजाच्या खासगी खजिन्यात आणि लोकांच्या पैशात असलेला फरक आहे.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याने ‘ऑपरेशन पोलो’ सुरू केले. मुख्य फळी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या हाताखाली सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याने निघाली आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग ताब्यात आला. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. लोकलढ्याने तेरा महिने धगधगत ठेवलेला प्रश्न सैन्याने पाच दिवसांत सोडवला. या दोन गोष्टी एकमेकींना छेद देत नाहीत. गावागावांतून निजामाच्या अमलाला लोकांनी आधीच नकार दिला होता, म्हणून तो अंमल इतक्या लवकर कोसळला.

विजयानंतरची कसोटी

त्यानंतरचे काही आठवडे ही या इतिहासातली सर्वांत दुःखद पाने आहेत. रझाकारांच्या अत्याचारांचा सूड निरपराध मुसलमानांवर उगवला गेला. चौकशीसाठी भारत सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या शिष्टमंडळाला पाठवले. त्यांनी मृतांचा अंदाज किमान २७ ते ४० हजार दिला. सर्वाधिक हानी झालेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड ही मराठी नावे होती. मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंच्या नोंदीही त्यात आहेत. हा अहवाल अनेक दशके प्रसिद्ध झाला नाही. लढ्याच्या तत्त्वाचा हा सरळ भंग होता, आणि ज्यांना ते तत्त्व प्रिय आहे त्यांनीच तो आधी सांगितला पाहिजे.

तत्त्वे कायद्यातही उतरली. ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिरी संपवणारा हुकूम निघाला, सर्फे खासच्या जमिनी सरकारात आल्या, आणि १९५० च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला संरक्षण दिले. २६ जानेवारी १९५० पासून निजाम राजप्रमुख झाला, पण आता तो राज्यघटनेखाली होता. १९५२ मध्ये हैदराबाद राज्यात पहिल्यांदा प्रौढ मतदान झाले. ज्यांना सभेसाठी परवाना लागत होता, त्यांनी सरकार निवडले. मतपेटीपुढे जहागीरदाराचे आणि त्याच्या सालगड्याचे मत सारखेच मोजले गेले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून तो महाराष्ट्राचा भाग आहे. परंडा आणि माढा यांच्यामधली ती जुनी रेषा केवळ जिल्ह्याची हद्द उरली.

जमिनीचे वाटप अर्धेच झाले, जातीची उतरंड राहिली, शिक्षणाचा अनुशेष पुढच्या पिढ्यांना फेडावा लागला. १९३८ च्या मागण्या आजच्या मोजपट्टीने पाहिल्या तर फार साध्या वाटतात: परवान्याशिवाय सभा, आपल्या भाषेत शाळा, उत्तर देणारे मंत्री, कोणत्याही समाजाची मालकी नसलेले राज्य. पण त्या एकदा मिळवल्या की कायमच्या राहतात असे नाही. सत्ता कोणा एका माणसाची किंवा एका समाजाची आहे असे कोणीही, कोणत्याही नावाने सांगू लागले, तर लातूरच्या परिषदेला जमलेल्या लोकांनी त्याला दिले असते तेच उत्तर आपण द्यायला हवे. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन दरवर्षी १७ सप्टेंबरला साजरा होतो. निजामाचा पराभव त्यात आहेच; पण त्या दिवसाचा मान खऱ्या अर्थाने तेव्हाच राहतो, जेव्हा शोएबुल्ला खान आणि शेतकऱ्यांचे हुतात्मे एकाच यादीत वाचले जातात.